पाव एक, नावं अनेक: ब्रिटनच्या बोलींतलं अन्न आणि मैत्र

आजचा विषय ऐकायला हलकाफुलका आहे. ब्रिटनच्या वेगवेगळ्या मुलखांत खाण्याच्या पदार्थांना काय म्हणतात आणि दोस्ताला काय म्हणतात, एवढंच आपल्याला बघायचं आहे. पण हे शब्द आजकाल ज्या पद्धतीनं लोकांपुढे मांडले जातात, त्या पद्धतीबद्दल आमची तक्रार आहे. आजचं व्याख्यान म्हणजे मुख्यतः ती तक्रार आहे, असं समजा.

इंग्लंडमध्ये कुठल्याही शहरातल्या आठवण-वस्तूंच्या दुकानात जा. चहाचे मग, भांडी पुसायची फडकी, फ्रिजला लावायची चुंबकं, या सगळ्यांवर त्या त्या भागातल्या बोलीचे शब्द छापलेले दिसतात. एका साध्या गोल पावाला देशभर किती नावं आहेत, याचे तर नकाशेच मिळतात. माणूस ते वाचतो, हसतो, 'आमच्याकडे असं म्हणत नाहीत' असं म्हणून शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडतो आणि पुढे जातो. यात वाईट काहीच नाही. पण अशा यादीत काय असतं ते बघा. शब्द असतो, अर्थ असतो, गावाचं नाव असतं. तो शब्द कोणी कोणाला म्हणायचा, कुठे म्हणायचा आणि कोणाला म्हणायचा नाही, हे मात्र नसतं. आमचं म्हणणं असं आहे की अन्नाचे आणि मैत्रीचे शब्द नेमके याच माहितीवर जगतात. ती काढून घेतली की हातात फक्त टरफल राहतं.

सुरुवातीला एक घोळ निस्तरून घेऊ. या सगळ्या शब्दांना सरसकट 'स्लँग' म्हणायची पद्धत आहे. स्लँग म्हणजे एखाद्या टोळक्यानं, वयोगटानं किंवा धंद्यातल्या लोकांनी थोडी मुद्दाम वेगळी ठेवलेली, झटपट बदलणारी भाषा. बोली म्हणजे एका मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा. लंडनच्या पूर्व भागातले लोक मित्राला 'चायना' म्हणतात, कारण 'चायना प्लेट'चं यमक 'मेट'शी जुळतं. ही झाली स्लँग, शब्दांचा खेळ. पण ईशान्य इंग्लंडमधला खाणकामगार डब्याच्या जेवणाला 'बेट' म्हणतो, तेव्हा तो खेळ करत नसतो. तो शब्द हजारएक वर्षांपूर्वी तिथे वस्तीला आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आलेला आहे. तिथे त्याचा अर्थ अन्न, चारा असा होता. दोन्ही शब्द एकाच मगवर एकाच मथळ्याखाली छापले की दुसऱ्याचं वय पुसलं जातं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'काय रे पोरा' म्हणावं, तसं ते होतं.

हे वय ज्यानं नीट मोजलं तो माणूस कोण होता, हेही सांगायला हवं. जोसेफ राइट. जन्म १८५५ सालचा, यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ. घरची गरिबी इतकी की सहाव्या-सातव्या वर्षापासून कामाला लागला. आधी दगडाच्या खाणीवर गाढव हाकण्याचं काम, मग कापडगिरणीत भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायचं काम. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. हाच माणूस पुढे ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याचा इंग्रजी बोलींचा कोश सहा खंडांत निघाला. त्याच्या कोशात बोलीतला शब्द कुतूहलाची वस्तू म्हणून येत नाही. कुठल्या परगण्यात, कोणत्या वाक्यात, कोणत्या कामाच्या संदर्भात तो वापरतात, हे तो नोंदवतो. स्वतः गिरणीत उभं राहिलेल्या माणसाला संदर्भाचं मोल कळत होतं, असं आम्हाला वाटतं.

त्यानंतरची मोठी नोंद लीड्स विद्यापीठाची. १९५० ते १९६१ या काळात तिथल्या अभ्यासकांनी ३१३ ठिकाणी जाऊन, हजाराहून जास्त प्रश्नांची यादी हातात घेऊन, बोलींची पाहणी केली. काम प्रचंड आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण ठिकाणं बहुतेक खेडी, आणि माहिती देणारे बहुतेक वयस्कर शेतकरी पुरुष. जुनी बोली जिथे शुद्ध सापडेल तिथे जायचं, असा त्यामागचा विचार. त्यामुळे खाणी, गोद्या आणि गिरण्या, म्हणजे आपण आज ज्या शब्दांबद्दल बोलणार आहोत त्यांतल्या बऱ्याच शब्दांची कर्मभूमी, कडेला राहिली. ईशान्येकडच्या खाणकामगारांच्या बोलीवर बिल ग्रिफिथ्स यांचं पुस्तक आलं ते २००७ साली. तोवर तिथल्या बहुतेक खाणी बंद होऊन गेल्या होत्या.

आता पावाकडे येऊ. लाटलेली पोळी नव्हे, साधा गोल पाव, मधे कापून काहीतरी भरून खायचा. मँचेस्टरला आणि लँकाशरच्या बऱ्याच भागात तो 'बार्म'. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या पट्ट्यात 'कॉब'. कॉव्हेंट्रीत 'बॅच'. शेफील्ड आणि हलकडे 'ब्रेडकेक'. पश्चिम यॉर्कशरच्या काही गावांत 'टीकेक', आणि त्यात मनुका नसतात, तरी परगावचा माणूस मनुका शोधत बसतो. न्यूकॅसलला 'स्टॉटी', चपटी आणि जड. 'स्टॉट' म्हणजे तिथल्या बोलीत उसळणं. जमिनीवर आपटली तर उसळेल अशी, हा अर्थ. यात बटाट्याच्या गरम फोडी भरल्या की मँचेस्टरला 'चिप बार्म', नॉटिंगहॅमला 'चिप कॉब'. पावात बटाटा घालून उभ्याउभ्या पोट भरायचं, हे आपल्या मंडळींना समजावून सांगायची गरज नाही.

'बार्म' म्हणजे मुळात बिअर बनवताना वर येणारा फेस. पूर्वी त्या फेसानंच पाव फुगवत. म्हणजे नावातच भट्टी आहे, दारूची आणि पावाची. याच फेसावरून डोक्यात फेस झालेल्या माणसाला 'बार्मी' म्हणायला लागले, आणि तो शब्द मात्र देशभर पसरला. एकाच घरातले दोन भाऊ, एक गावी राहिला, एक मुंबईला गेला, तसं.

पण एका पावाला इतकी नावं का टिकली? आमचं उत्तर असं आहे: कारण तो लांब जात नव्हता. पहाटे भाजला, चार गल्ल्यांत विकला, दुपारपर्यंत संपला. तो मागायचा तो तोंडानं, काउंटरपलीकडच्या ओळखीच्या माणसाकडे. त्याचं नाव कुठे छापावंच लागत नव्हतं. छापलेल्या पिशवीतून तो सुपरमार्केटमध्ये आला, तेव्हा पिशवीवर सगळ्या देशाला कळेल असं एकच नाव हवं झालं. अजूनही चिप्सच्या दुकानात, जिथे तोंडानं मागावं लागतं, तिथे जुनं नाव जिवंत आहे. शब्द कुठे टिकतो ते बघायचं तर व्यवहार कुठे तोंडी राहिलाय ते बघा.

कामावर नेलेल्या जेवणाची नावं आणखी बोलकी आहेत. ईशान्येला 'बेट' हे आपण पाहिलं. नॉटिंगहॅमशर, डर्बीशर आणि दक्षिण यॉर्कशरमध्ये 'स्नॅप'. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत 'क्रिब', आणि तिथले कामगार ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर गेले तेव्हा तो शब्द डब्याबरोबर घेऊन गेले. स्कॉटलंडमध्ये 'पीस', म्हणजे तुकडा, आपल्या भाकरतुकड्यातला. स्नॅपचा डबा पावाच्या स्लाइसच्या आकाराचा असायचा, एका बाजूनं गोलसर, आणि पत्र्याचा, कारण खाणीत उंदीर. डब्याचं झाकण 'स्नॅप' असा आवाज करतं म्हणून हे नाव, असं हौसेनं सांगतात. पण घाईघाईत तोडलेला घास, हा अर्थ डब्यापेक्षा जुना आहे. आणि तोच खरा आहे. ऑर्वेलनं १९३६ मध्ये उत्तरेकडे फिरून जे पुस्तक लिहिलं आणि जे १९३७ मध्ये आलं, त्यात खाणकामगाराचं हे जेवण आहे: पाळीच्या मधे कशीबशी मिळवलेली दहा-पंधरा मिनिटं, पाव, त्यावर मांसाच्या रसातली थिजलेली चरबी, आणि बाटलीत गार चहा. 'स्नॅप' या शब्दात पदार्थाचं नाव नाही, वेळेचं आहे. मालकानं किती वेळ सोडला, ते त्या शब्दात नोंदलं गेलंय.

'पीस'बद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ग्लासगोच्या जुन्या चाळवजा इमारतींत मुलं मागच्या अंगणात खेळायची, आणि आई वरच्या खिडकीतून जॅम लावलेला पावाचा तुकडा कागदात गुंडाळून खाली टाकायची. १९६०च्या दशकात ती वस्ती पाडून माणसं उंच टॉवरमध्ये हलवली. अॅडम मॅकनॉटन यांनी त्यावर एक गमतीचं गाणं लिहिलं, ते ग्लासगोत अजून सगळ्यांना पाठ आहे. वीस मजली इमारतीवरून टाकलेला तुकडा मुलाच्या हातात पडत नाही, हा त्याचा विषय. गाणं हसवतं. पण त्यातली तक्रार नगररचनेबद्दल आहे: आईचा आवाज आणि तुकडा जिथवर पोचतो, तिथवर घर असतं. 'पीस म्हणजे सँडविच' एवढं मगवर लिहिलं की हे सगळं गेलं.

आता मैत्रीकडे वळू, आणि इथे खरी गंमत आहे. इंग्रजीत मित्राला म्हणायचा सगळ्यात चालू शब्द 'मेट'. तो मध्ययुगात उत्तर जर्मनीकडच्या भाषेतून आला, आणि त्याच्या पोटात 'मीट' हा शब्द आहे. जुन्या काळी 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. मेट म्हणजे ज्याच्याबरोबर आपण अन्न वाटून खातो तो. 'कंपॅनियन' लॅटिनमधून आलेला: 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. एका पावाचे वाटेकरी. आणि हा 'पानिस' आपल्याही घरात आहे. त्याचंच पोर्तुगीज रूप आपल्याकडे येऊन 'पाव' झालं. त्या 'कंपॅनियन'वरूनच 'कंपनी' शब्द झाला, आणि त्या नावाची एक कंपनी आपल्याकडे कुठला पाव वाटायला आली होती, ते आपल्याला माहीतच आहे. पुण्यामुंबईतली मुलं ज्या 'मेस'मध्ये जेवतात, तो शब्दही असाच: आधी ताटात वाढलेला वाटा, मग तो वाटा एकत्र खाणारी माणसं, मग ती जागा.

म्हणजे या भाषेत मैत्री हा मुळात भावनेचा शब्द नव्हता. तो वाट्याचा शब्द होता. आणि वाटा म्हटला की हिशोब आला.

याची उलट बाजूही इंग्रजीतच आहे. 'लॉर्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'पावाचा राखणदार' असा होता. 'लेडी' म्हणजे 'पावाची कणीक मळणारी'. आणि आश्रिताला एक शब्द होता, त्याचा अर्थ 'पाव खाणारा'. एक राखतो, एक मळते, एक खातो, आणि ज्याच्याकडे राखण तो मालक. पावाभोवती दोन प्रकारचं नातं जमतं. वरून खाली दिलेला पाव, आणि समोरासमोर बसून मोडलेला पाव. खाणीतल्या कामगारांचे मैत्रीचे शब्द बहुतेक दुसऱ्या पावातून आलेत, आणि आम्हाला वाटतं म्हणूनच ते इतके चिवट आहेत.

डरहॅम, नॉर्थंबरलंड आणि कंब्रिया इथला 'मारा' घ्या. मराठी कानाला हा शब्द दचकवतो, पण अर्थ अगदी उलटा. जुना शब्द 'मॅरो', अर्थ जोडीतला एक. हातमोज्यांच्या जोडीतला एक मोजाही 'मॅरो'. खाणीत 'मारा' म्हणजे ज्याच्याबरोबर तुम्ही एकच जागा खणता. तो सकाळच्या पाळीत, तुम्ही दुपारच्या. दोघांचा पगार एकाच चिठ्ठीवर. कोणाला खाणीतली कुठली जागा मिळणार, यासाठी दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकत. जागा वाईट निघाली तर दोघांचीही कमाई बुडाली, चांगली निघाली तर दोघांचीही वाढली. तुमच्या माऱ्यानं कोळशाचं छत नीट टेकू देऊन सोडलं नाही, तर पुढच्या पाळीत ते तुमच्या डोक्यावर. अशा माणसाला 'मारा' म्हणायचं. आज कंब्रियात कोणीही कोणालाही 'मारा' म्हणतं, आणि म्हणावं. पण शब्दाचं वजन त्या एका चिठ्ठीवरच्या दोन नावांत आहे.

इथे एक सावधगिरी हवी. कामगारांचे शब्द म्हटले की आपल्याला लगेच गहिवरून येतं. तो गहिवर 'बटी' या शब्दापाशी थांबवावा लागतो. दक्षिण वेल्सच्या दऱ्यांत 'बटी' म्हणजे जिवलग दोस्त, त्याचं लाडकं रूप 'बट'. उत्तर इंग्लंडमध्ये 'बटी' म्हणजे लोणी लावलेला पाव. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी, योगायोगानं रूप सारखं. पण मिडलंड्सच्या कोळशाच्या खाणींत 'बटी' हा तिसराच माणूस होता: मालकाकडून ठरावीक दरानं काम घेणारा आणि खालच्या रोजंदारीवाल्यांना आपल्या हातानं मजुरी देणारा मुकादम-ठेकेदार. त्याच्याबद्दल कामगारांत प्रेम कमी आणि राग जास्त. सोबत्याचा शब्द आणि पिळणाऱ्याचा शब्द एकच.

डी. एच. लॉरेन्सचे वडील नॉटिंगहॅमशर-डर्बीशरच्या सीमेवरच्या ब्रिन्सली खाणीत असे बटी होते. त्याच्या १९१३च्या 'सन्स अँड लव्हर्स' कादंबरीत शुक्रवार रात्रीचा प्रसंग आहे. बाप, म्हणजे मोरेल, आणि त्याचे जोडीदार घरातल्या टेबलावर पैशांची वाटणी करतात. त्या वेळी घरच्या बाईनं तिथे थांबायचं नसतं. ती पुरुषांची खासगी बाब. तीच रात्र घरात पाव भाजायची, आणि भट्टीवर लक्ष ठेवायला मुलगा बसलेला. टीकाकारांनी या प्रसंगांत आई-मुलाच्या नात्याबद्दल पुष्कळ लिहिलंय. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच छपराखाली दोन हिशोब चालू आहेत, पैशाचा आणि पावाचा, आणि ज्या बाईच्या हातात आठवडाभराचा पाव आहे तिला पैशाची वाटणी बघायला बंदी आहे. 'बटी'च्या मैत्रीचं दार कुठे बंद होतं, ते लॉरेन्स एकही शब्दार्थ न देता दाखवतो. शब्दकोशाला जे जमत नाही ते कादंबरी करते.

बायकांचा विषय निघालाच आहे. 'मेट', 'मारा', 'बटी' हे सगळे पुरुषांचे शब्द. स्नॅपचा डबा भरणारी बाई त्या शब्दांत कुठेच नाही. बायकांसाठीचे शब्द वेगळे: ग्लासगोत 'हेन' म्हणजे कोंबडी, न्यूकॅसलला 'पेट', बर्मिंगहॅमला 'बॅब'. नॉटिंगहॅम आणि स्टोकला 'डक', म्हणजे बदक, आणि हा बायकापुरुष दोघांनाही चालतो. त्याचं मूळ एखाद्या सॅक्सन सरदारी पदवीत आहे, असं तिकडे अभिमानानं सांगतात. पण पक्ष्यांची नावं लाडानं वापरायची रीत जुनी आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतही ती आहे. यॉर्कशरला बसचा कंडक्टर धिप्पाड पुरुषालाही 'लव्ह' म्हणायचा, आणि ब्रिस्टलला भाजीवाली अनोळखी गिऱ्हाइकाला 'माय लव्हर' म्हणते. नव्यानं गेलेला आपला माणूस तिथे लाल होतो. त्यात काही नसतं, आपल्याकडे रिक्षावाला 'ताई' म्हणतो तसंच ते. पण याच शब्दांचा दुसरा वापरही आहे. भाजीवालीनं म्हटलेलं 'लव्ह' आणि बैठकीत साहेबानं हाताखालच्या बाईला म्हटलेलं 'लव्ह' हे दोन शब्द आहेत. पहिल्यात आपलेपणा, दुसऱ्यात 'तू गप्प बस'. मगवर दोन्हीचं स्पेलिंग एकच.

आता एका अशा शब्दाकडे येऊ, जो आपल्या फार जवळचा आहे: 'पॅल'. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. तो आला रोमानी भाषेतून, म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणतात त्या लोकांच्या भाषेतून. 'फ्राल', 'प्राल' म्हणजे भाऊ. ही भाषा भारतातून गेलेली, आपल्या भाषांच्याच कुळातली. संस्कृत 'भ्रातृ'पासून एका वाटेनं 'भाऊ', दुसऱ्या वाटेनं 'पॅल'. त्यांच्या पावाच्या शब्दाचं, 'मान्रो'चं, मूळही अभ्यासक संस्कृत 'मंडका'शी जोडतात. आपले पुरणाचे मांडे त्याच घरातले. पाण्याला तर ते 'पानी'च म्हणतात.

आता याच्या शेजारी एक कायदा ठेवा. १५५४ साली इंग्लंडच्या संसदेनं कायदा केला की हे लोक देशात महिनाभराहून जास्त राहिले तर त्यांना देहदंड. ज्यांना राहू द्यायचं नव्हतं, त्यांचा 'भाऊ' इंग्रजांनी शे-सव्वाशे वर्षांत आपला दोस्त म्हणून घेतला. आणि हा इतिहास इथे संपत नाही. रोमानीत मुलाला 'चावो' म्हणतात. तिथूनच आलेला मानला जाणारा 'चॅव' हा शब्द २००४च्या सुमारास ब्रिटनच्या वृत्तपत्रांत गरीब, अडाणी, बटबटीत कपड्यांच्या तरुणांसाठी शिवी म्हणून धुमाकूळ घालत होता. एका भाषेतून दोन शब्द आले. भावाचा मित्र झाला, मुलाची शिवी झाली. शब्द घेणारा कोण आणि तो कोणाला उद्देशून वापरतो, यावर सगळं ठरतं.

उलट प्रवासही झाला. 'टिफिन' हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो, पण त्याचं मूळ अठराव्या शतकातल्या 'टिफिंग' या इंग्रजी बोलीतल्या शब्दात दिसतं. अर्थ, अधूनमधून घोट घेणं. घरी तो जवळजवळ विसरला गेला. मुंबईत मात्र तो लाखो माणसांचा दुपारचा डबा झाला.

इथवर आम्ही जे म्हणत आलो, त्यात नुसता जुन्याचा शोक नाही. आज याच लोकांच्या नातवंडांवर काय गुदरतं ते बघा. २०१३ मध्ये बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडच्या, 'ब्लॅक कंट्री' म्हणतात त्या भागातल्या एका प्राथमिक शाळेनं पालकांना दहा बोलींतल्या प्रयोगांची यादी पाठवली: मुलांनी वर्गात हे बोलायचं नाही. हेतू चांगला होता. पुढे नोकरीच्या मुलाखतीत अडू नये. प्रमाण इंग्रजी शिकवायलाच हवी, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण मुलाला 'हे इथे चालतं, ते तिथे चालतं' असं शिकवणं वेगळं, आणि 'तुझी आजी चुकीचं बोलते' असं शिकवणं वेगळं. गंमत अशी की शाळेत ज्या बोलीवर फुली, तीच बोली बाजारात मगवर छापून विकतात. बोलायला लाज आणि विकत घ्यायला हौस. यातली कमाई बोलणाऱ्याच्या खिशात जात नाही.

२०१५च्या डिसेंबरात उत्तर यॉर्कशरमधली केलिंगली खाण बंद झाली. ब्रिटनमधली कोळशाची ती शेवटची मोठी भूमिगत खाण. 'स्नॅप', 'बेट', 'मारा' हे शब्द ज्या कामातून आले, ते काम संपलं. तरी शब्द संपले नाहीत. बांधकामावर, गोदामात, कारखान्यात डबा उघडताना ते अजून येतात. आणि नवे शब्द येतच आहेत. लंडनच्या हॅकनीसारख्या भागांत, कॅरेबियन, आफ्रिकी, बंगाली, तुर्की घरांतली मुलं एकत्र वाढली आणि त्यांची एक नवी इंग्रजी झाली. जेनी चेशर, पॉल कर्सविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. त्यात दोस्त म्हणजे 'ब्रव्ह', 'ब्लड', 'फॅम': भाऊ, रक्त, घरचा माणूस. पुन्हा तोच 'पॅल'चा रस्ता. यांनाही आज कोणी स्लँग म्हणून हसतं, काही शाळांत त्यांच्यावरही बंदी येते. पन्नास वर्षांनी हेही शब्द मगवर दिसतील, याबद्दल आम्हाला शंका नाही.

मग करायचं काय? आमचं मागणं साधं आहे. बोलीतला शब्द टिपताना त्याच्यासमोर फक्त अर्थ लिहून थांबू नका. कोणी कोणाला म्हटला ते लिहा. डबा कोणी भरला, किती मिनिटांत संपवला, कोणाबरोबर वाटून खाल्ला, कोणाला त्या पंगतीत बसू दिलं नाही, ते लिहा. राइटनं हे पुष्कळ केलं, लॉरेन्सनं दुसऱ्या रीतीनं केलं. उत्तर इंग्लंडमध्ये कोणी तुम्हाला 'टी'ला बोलावलं, तर चहा-बिस्किटांच्या अपेक्षेनं पोट भरून जाऊ नका. तिथे 'टी' म्हणजे संध्याकाळचं पूर्ण जेवण. यादीत याचा अर्थ एका ओळीत मिळेल. पण त्या घरानं आपल्या ताटातला वाटा तुमच्यासाठी काढून ठेवलेला असतो, हे कळायला त्यांच्या टेबलाशी बसावं लागतं.